चार दारांची डार्ट

गाडी विकायला काढली आणि पहिला फोन आला तो पुढच्या डिस्क ब्रेकसाठी. समोरच्याला गाडी नकोच होती. स्पिंडल, वरचे कंट्रोल आर्म आणि कॅलिपर तेवढे काढून द्या, बाकीचं तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाला. मी नाही म्हणून फोन ठेवला. पण ते बोलणं रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून आज सगळं नीट लिहायला बसलेय.

गाडी १९६९ची डॉज डार्ट, चार दारांची सेडान. अमेरिकेत हिला कॉम्पॅक्ट म्हणतात, पण व्हीलबेस १११ इंचांचा आहे आणि मागे तीन माणसं ऐसपैस बसतात. चासी नंबर एलएल४१बी९बीने सुरू होतो. पहिला एल डार्टचा, दुसरा सगळ्यात स्वस्त मॉडेलचा, ४१ म्हणजे चार दारं, बी म्हणजे २२५ घन इंचांचं इंजिन, ९ म्हणजे १९६९ साल आणि शेवटचा बी हॅमट्रॅमिकच्या कारखान्याचा. तो कारखाना १९८०मध्ये बंद झाला. माझ्या मिशिगनमधल्या घरापासून ती जागा अर्ध्या तासावर आहे.

दोन दारांची, मधला खांब नसलेली हार्डटॉप असली की लोक जीव टाकतात. चार दारांची मात्र सुटे भाग काढायला घेतात, कारण पुढचे मडगार्ड, बॉनेट, जाळी दोन दारांच्या गाडीला जशीच्या तशी बसतात. सात वर्षांपूर्वी मला ही एका शेताच्या कडेला सापडली, तेव्हा हिचंही तेच होणार होतं. मालकाने बॉनेटवर खडूने किंमतही लिहून ठेवली होती. मी म्हटलं, आख्खी द्या.

पत्र्याचं काम आधी एका वर्कशॉपला दिलं. रंग सुंदर आला. घरी आल्यावर मागच्या चाकावरच्या पत्र्याला चुंबक लावून पाहिलं, तर चिकटेना. आत नुसती पुट्टी, आणि पुट्टीमागे गंज तसाच. पुन्हा सगळं उघडून, सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला. डिकीचा तळही नवा आहे. पुढच्या काचेखालचा काउल, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी पत्र्याची पोकळ पेटी, या गाड्यांचा खरा शत्रू. तिथे पाणी साचतं, पत्रा खातं आणि मग चालवणाऱ्याच्या पायांवर ठिबकतं. तो उघडून, साफ करून बंद केलाय. तुम्ही याल तेव्हा चुंबक मीच देईन.

इंजिन स्लँट सिक्स. सहा सिलिंडर एका ओळीत, ३० अंश कलते, त्यामुळे बॉनेट खाली ठेवता येतं आणि इनटेकच्या लांब नळ्यांना बाजूला जागा मिळते. इंजिन बांधून घेताना रिबोअर केलं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कोरून घेतले, आणि एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना कडक सीट बसवल्या, कारण शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या सीट झिजतात. यात व्हॉल्व्हची फट आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, फट हाताने सेट करावी लागते. इंजिन तापलेलं, चालू असताना फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती घालायची, इनटेकला ०.०१० इंच, एक्झॉस्टला ०.०२०. पाती हलके घासत सरकली पाहिजे, अडकता कामा नये. पहिल्यांदा हात भाजला, तेल उडालं, हे टॉर्च धरून उभे होते ते दोन पावलं मागे सरकले. आता कानानेच कळतं. बरोबर जमलं की शिलाई मशीनसारखा एकसारखा आवाज येतो.

व्ही-एट का नाही टाकलं, असं दर दुसरा माणूस विचारतो. मला ही गाडी हिच्याच इंजिनावर हवी होती, म्हणून. बदल केले ते जीव वाचवणारे आणि रस्त्यात उभं न करणारे. ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुने पॉइंट काढून डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरचंच सत्तरच्या दशकातलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय. त्याचा बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा छोटा भाग, कधीही दगा देतो, म्हणून एक जादा ग्लव्हबॉक्समध्ये आहे, तो तिथेच राहू द्या. मुळात चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या अॅमीटरमधून, म्हणजे करंट दाखवणाऱ्या काट्यातून, जायचा. डॅशबोर्ड उघडला तेव्हा फायरवॉलच्या कनेक्टरचं प्लास्टिक भाजून तपकिरी झालेलं दिसलं. अल्टरनेटरपासून बॅटरीला नवी जाड वायर टाकलीय, फ्युझिबल लिंकसकट, म्हणजे करंट फार वाढला की वितळून तुटणाऱ्या तुकड्यासकट. अॅमीटर आता नुसता जागेवर आहे. व्होल्टमीटर खाली वेगळा लावलाय.

पुढे ओढून घेणारे थ्री-पॉइंट पट्टे बसवलेत. सेडानला मधला खांब असतो, त्यामुळे पट्टा वर पक्का धरायला जागा मिळते. हार्डटॉपला हा खांबच नसतो. चार दारांना नावं ठेवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता ब्रेक. मुळात चारही चाकांना ९ इंची ड्रम. पावसात दाबले की गाडी एका बाजूला ओढायची. त्यातच त्या काळच्या क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत, नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सोडायचे. एका टायरवाल्याने सांगूनही ऐकलं नाही, गन लावली आणि दोन स्टड मोडले. त्यानंतर मी १९७३नंतरच्या डार्टचे डिस्क ब्रेक पुढे बसवले. पण त्यात चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात ते ४ऐवजी साडेचार इंचांचं. पुढची चाकं मागे बसेनात, स्टेपनी एकाच टोकाला चालेल अशी स्थिती. शेवटी मागचा अॅक्सलही तसाच आणला. आता पाचही चाकं कुठेही बसतात आणि सगळे आटे सरळ आहेत.

उणिवा: डॅशबोर्डला वरून तडा आहे. पॉवर स्टीअरिंग नाही, गाडी पार्क करताना हातांचा जोर लागतो. मागचं डावं दार जरा उचलून लावावं लागतं. आठवडाभर उभी राहिली की गिअरबॉक्सखाली दोन-तीन थेंब दिसतात. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा मी ती बाहेर काढत नाही.

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहायला चाललोय, तिथे गॅरेज नाही. उघड्यावर एक हिवाळा गेला तरी सात वर्षांचं काम वाया जाईल. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, माझ्या नावावर आहे, बिलं सगळी एका फाइलमध्ये. किंमत ११,५०० डॉलर. चालवणाऱ्याला थोडी कमी करेन. सुटे भाग काढणाऱ्याला दुप्पट पैशांतही देणार नाही.

यायचं असेल तर सकाळी या. इंजिन आधी तापवून ठेवणार नाही. थंड असताना कशी सुरू होते, ते तुमच्यासमोरच पाहू.