शिंप्याची टेप आणि वजनकाटा

बारा वर्षे माझे वजन ६५ किलोच्या आसपास होते आणि या गोष्टीचा मला थोडा गर्वही होता. मात्र माझ्या पँटी शिवणारे काका दर एक-दोन दिवाळ्यांनंतर वहीतला कमरेचा जुना आकडा खोडून नवा लिहीत असत. ३३, ३४, ३५ असे करत दोन वर्षांपूर्वी तो ३७ इंचांवर पोहोचला, तेव्हा त्यांनी न राहवून विचारले, "साहेब, वजन तेच म्हणता, मग कापड का जास्त लागतंय?" मी ते हसण्यावारी नेले. त्यानंतर महिन्याभरात ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा अहवाल आला. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) ६.१, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी २१० आणि चांगले म्हणवले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल फक्त ३६. आईला वीस वर्षांपासून मधुमेह असल्यामुळे या आकड्यांचा अर्थ, म्हणजे आपण मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहोत हे, मला कोणी वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आश्चर्य वाटले ते याचे, की सडपातळ माणसाला हे व्हावेच कसे? याचे उत्तर माझ्याच शहरात बऱ्याच वर्षांपूर्वी दिले गेले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापून आणला होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून मेदस्वी अशी ही आपल्याकडची शरीरयष्टी आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळांच्या अभ्यासातून तर असे दिसले, की ती जन्मतः इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी असतात, परंतु त्यांचे वजन जे कमी असते ते मुख्यतः स्नायूंचे आणि पोटातील अवयवांचे, चरबीचे त्या मानाने फारच थोडे. म्हणूनच भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानतात. माझी कंबर ९४ भरली. याचा अर्थ शिंपीकाकांची वही माझ्या वजनकाट्यापेक्षा अधिक खरे बोलत होती.

या सगळ्याच्या मुळाशी असते ते रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराने दाद न देणे. म्हणजे नेमके काय, हे मला समजले ते असे. खाल्लेली जादा ऊर्जा साठवण्याची पहिली जागा म्हणजे त्वचेखालची चरबी. ही कोठी ज्याची लहान, त्याची ती लवकर भरते आणि मग चरबी यकृतात साचू लागते. असे यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्रभर, पोट रिकामे असतानाही, रक्तात साखर सोडत राहते. रात्री काहीही गोड न खाता सकाळची साखर जास्त कशी, या आईच्या जुन्या तक्रारीचे उत्तर मला इथे मिळाले. दुसरीकडे, जेवणातून आलेली साखर उचलण्याचे सर्वांत मोठे काम स्नायूंचे असते. तेच मुळात कमी आणि दिवसभर खुर्चीत बसून असलेले, त्यामुळे स्वादुपिंडाला तेवढ्याच कामासाठी अधिकाधिक इन्सुलिन ओतावे लागते. अहवालातली साखर वाढायच्या कितीतरी वर्षे आधीपासून ही ओढाताण चाललेली असते.

मग मी आठवडाभर काय खातो ते लिहून काढले. ते वाचून आपण मुख्यतः पिष्टमय पदार्थांवर जगतो, हे लख्ख दिसले: सकाळी दोन बशा पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, चार वाजता साखरेचा चहा आणि बिस्किटे, रात्री साडेनऊला वरणभाताचे दोन मोठे वाढे. डाळ होती, पण ती भाताला ओलसर करण्यापुरती. मी काही वर्ज्य केले नाही, फक्त ताटातली वाटणी बदलली. पोहे आता अर्धी बशी आणि त्यावर वाटीभर मोडाची मटकी. काही दिवस मुगाची धिरडी किंवा दोन अंडी. दुपारी आधी काकडीची कोशिंबीर आणि उसळ संपवायची, मग एक पोळी किंवा भाकरी. भाजी-प्रथिने आधी आणि धान्य शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे प्रयोगांत दिसलेले आहे आणि हा बदल करायला खर्च शून्य येतो.

भाकरीविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलायला हवे. पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली की मधुमेह पळतो, असा एक समज आमच्या नातेवाइकांत पक्का बसला आहे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातले पिष्ट जवळपास सारखेच असते, आणि एका ऐसपैस भाकरीत दोन फुलक्यांचे पीठ सहज जाते. भाकरी मला आवडते म्हणून मी ती खातो, औषध म्हणून नव्हे. उपवासाचेही तेच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली, त्याने साबुदाण्याची खिचडी नक्कीच पाहिली असणार; साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात बटाटा आणि वर गोड दही. आईशी यावरून बरेच दिवस अबोला झाला. "अरे, देवाच्या नावाने खाल्लेलं बाधत नाही," असे तिचे म्हणणे. शेवटी तिच्याच ग्लुकोमीटरने खिचडीनंतर दोन तासांनी साखर मोजली. २६४ आकडा पाहून ती काही बोलली नाही, पण पुढच्या एकादशीला ताक, शेंगदाणे आणि पेरू एवढ्यावर भागवले. तिला साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असल्यामुळे, जेवण कमी करण्याआधी आम्ही डॉक्टरांकडून त्यांचा डोस बदलून घेतला. हे न करता उपास करणे धोक्याचे आहे.

व्यायामाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो शतपावलीचा. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो. म्हणजे जी वाट बंद पडली आहे, तिला वळसा घालणारी ही दुसरी वाट. रात्रीचे जेवण आठ वाजता आणि त्यानंतर सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटे चालणे, एवढेच. शिवाय आठवड्यातून तीनदा बैठका आणि जोर, कारण स्नायू वाढवल्याशिवाय माझ्यासारख्या बारीक माणसाचे भागत नाही. झोपेचेही थोडे केले, म्हणजे मोबाइल अकराला दुसऱ्या खोलीत.

वजन घटल्याशिवाय हे सारे फुकट, असे कोणी म्हणाले तर मी त्यांना चेन्नईतील डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासाची आठवण करून देतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांना त्यात सुमारे तीन वर्षे आहार आणि चालण्याचा सल्ला दिला गेला. नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, तर या गटात ३९ टक्क्यांना. आणि त्यांच्या वजनात म्हणण्यासारखी घट झालीच नव्हती.

माझे वजन नऊ महिन्यांत चार किलोंनी उतरले, कंबर ८८ सेंटिमीटर झाली, ट्रायग्लिसराइड १३८ वर आले. एचबीए१सी ५.७ म्हणजे अजून काठावरच आहे. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा जाऊ द्या, मग पुन्हा मोजू. उन्हाळा म्हणजे आमरस, हे त्यांनाही ठाऊक असावे. घरात त्यावर वाटाघाटी झाल्या: पुऱ्या बंद, रसात साखर नाही, आणि रविवारी दुपारी, उसळ संपल्यावर, एक वाटी. वाटी कोणती, यावर अजून एकमत झालेले नाही.