ठमीचा वाटा

गुरुवार, भाद्रपद पौर्णिमा

ठमी पहाटे गेली. आईंच्या पलंगाखाली, तिच्या नेहमीच्या जागेवर. १३ वर्षांची होती. गावठी कुत्रीला हे वय चांगलंच म्हणायचं, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. मला त्यात काही चांगलं दिसेना.

दुपारी तिला गिरणाऱ्याला, दादाच्या मळ्यात नेलं. द्राक्षांच्या गोडी छाटणीला अजून अवकाश आहे, त्यामुळे बागेत माणसं नव्हती. दादानं आणि भाच्यानं बांधाच्या कडेला कमरेइतका खड्डा घेतला. वरवर पुरलं तर रात्रीतून दुसरी जनावरं उकरतात, म्हणून खोल. पावसानं माती इतकी चिकट झाली होती की फावड्याला धरून बसायची, दर थोड्या वेळानं काठीनं खरवडावी लागायची. आईंनी तिला आपल्या निळ्या काठाच्या जुन्या सुती पातळात गुंडाळून दिलं होतं. वर खडे मीठ टाकलं. वहिनी घरातून कुंकवाचा करंडा घेऊन आली. "कुत्रीला लावतात का गं?" असं मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लावलंसुद्धा.

घरी आल्यावर आंघोळ करायची की नुसते पाय धुवायचे, हे कुणालाच कळेना. हे दारातच उभे राहिले. शेवटी आई म्हणाल्या, "करा सगळ्यांनी आंघोळ. आपलं माणूस गेलंय." मग गिझर लावला.

शनिवार

काल-आज भेटलेल्या लोकांची वाक्यं: "सुटली बिचारी." "आता तुम्हाला बाहेरगावी जायला मोकळं." "दुसरं पिल्लू आणा, बरं वाटेल." बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यातल्या एका ताई अण्णांच्या वेळी रात्रभर आईंजवळ बसल्या होत्या. पण मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

अण्णा गेले तेव्हा आमच्या घरात चूल पेटवावी लागली नाही. मजल्यावरच्या घरांतून पिठलं-भात येत होता. कुणी कधी यायचं, काय बोलायचं, कुठे बसायचं, दहाव्याला काय न्यायचं, सगळं ठरलेलं होतं. रामकुंडावर कावळा शिवेना तेव्हा गुरुजींनी "मनातलं बोला" म्हटलं, आणि हे आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर वडिलांशी मोठ्यानं बोलले. त्या दिवसांत डोकं चालत नसतं. रीतच माणसाला उठवते, आंघोळीला पाठवते, जेवायला बसवते. ठमीसाठी सूतक नाही, दहावा नाही. शुक्रवारी सकाळी सगळे कामावर गेले. मी गेले, हेही गेले. घरात आई एकट्या.

भाची मानसशास्त्र शिकते. तिनं सांगितलं की केनेथ डोका नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ साली यावर लिहिलंय. समाज ज्याला दुःख मानतच नाही, ते उघडपणे करता येत नाही, म्हणून ते आणखी जड जातं. पाळीव प्राण्याचं जाणं त्यातच येतं. ऐकून बरं वाटलं. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "हे कळायला अमेरिकेत जावं लागतं होय?" पण त्यांनी मला ते परत एकदा सांगायला लावलं.

सोमवार

औषधांचा डबा आवरायला घेतला आणि तिथेच बसले.

ठमीची मूत्रपिंडं निकामी होत होती. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात ते टाकाऊ द्रव्य, वाढलंय हे कळलं तेव्हा मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, आधी का नाही कळलं? त्यांनी टेबलावरच्या कागदावर वाटाण्याएवढे दोन गोळे काढले आणि त्यातला बराचसा भाग पेनानं काळा केला. मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतच नाही, उरलेला भाग सगळं ओढत राहतो, असं ते म्हणाले. पाणी जास्त प्यायला लागणं, लघवी वाढणं हे आधी दिसतं, पण उन्हाळ्यात कोण त्याकडे आजार म्हणून बघणार! तो कागद मी जपून ठेवलाय. रात्री झोप लागत नाही तेव्हा त्या काळ्या भागाकडे बघायला बरं पडतं.

शेवटचे महिने घरीच कातडीखाली सलाईन द्यायचो. हे बाटली वर धरायचे. मी दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून तंबू केल्यासारखी वर उचलायची आणि सुई घालायची. पाणी आत गेलं की तिथे एक मऊ फुगवटा यायचा आणि ठमी उठून चालायला लागली की तो हळूहळू खाली सरकत पुढच्या पायापर्यंत यायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरले होते. नंतर तोच फुगवटा रात्रीतून जिरला की सकाळी हायसं वाटायचं, म्हणजे शरीर पाणी घेतंय. सलाईन चालू असताना आई तिच्या तोंडासमोर बसून रामरक्षा म्हणायच्या. तोंडाला अमोनियासारखा वास यायला लागला होता, तरी आई मागे सरकल्या नाहीत. ठमीला रामरक्षेशी काही घेणं नव्हतं. आईंच्या मांडीवर तिची हनुवटी असायची, तेवढं तिला पुरायचं.

लेकानं रात्री पुण्याहून एक माहिती पाठवली. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला दगडाच्या खाणीत १९१४ साली एक थडगं सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्याबरोबर पुरलेलं कुत्र्याचं पिल्लू. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. २०१८ साली अभ्यासकांनी त्या पिल्लाच्या दातांवरच्या खुणांवरून मांडलं की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा आजार झाला असावा, आणि कित्येक आठवडे कुणीतरी त्याची शुश्रूषा केली असल्याशिवाय ते इतके दिवस तगलं नसतं. आजारी पिल्लाचा शिकारीला, राखणीला काहीच उपयोग नव्हता. तरी कुणीतरी त्याला पाणी पाजलं, ऊब दिली, घाण पुसली. मी हे दोनदा वाचलं आणि सलाईनच्या उरलेल्या बाटल्या डॉक्टरांकडे द्यायच्या पिशवीत भरल्या. त्यांच्याकडे रस्त्यावरची आजारी कुत्री येतात, त्यांना उपयोगी पडतील.

शुक्रवार, अष्टमी

अण्णांचं श्राद्ध.

हे सकाळी पंचवटीत जाऊन आले. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदावरी भरून वाहतेय. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलंय म्हणाले. पितृपक्षामुळे रामकुंडावर गर्दी मावत नव्हती.

घरी आईंनी नेहमीसारखं सगळं केलं. तांदळाची खीर, उडदाचे वडे, गवार, भेंडी, अळूवडी, कढी, आमसुलाची चटणी. मग पानं वाढली. गायीचं, कावळ्याचं, आणि कुत्र्याचं. श्राद्धात कुत्र्याचा वाटा काढतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण आमच्या घरी त्याला एक तोंड होतं. ठमीला अण्णांनीच आणलं होतं, पावसाळ्यात पार्किंगमध्ये गाडीखाली थरथरत बसलेली. त्यांना घाईची फार सवय, त्यामुळे आई दर वर्षी म्हणायच्या, "कावळ्याचं राहू दे, आधी ठमीला द्या, ती पोचवेल लवकर." ठमी वडा आधी उचलायची, खीर शेवटी चाटायची, गवारीला तोंड लावायची नाही. अण्णाही लावायचे नाहीत.

आज आईंनी तिसरं पान वाढलं, वडा ठेवला, खीर घातली, गवार घ्यायला हात गेला आणि थांबला. मग त्यांनी गवार नाही वाढली. पान माझ्या हातात दिलं. "खाली असतील ती दोघं-तिघं, त्यांना घाल. पण ठमीचं नाव घेऊन घाल."

जिना उतरताना लक्षात आलं, आई ठमीशी दिवसभर अण्णांबद्दल बोलायच्या. "बघ, आज यांची आवडती भाजी केलीय." "आठवतंय ना तुला, कसे ओरडायचे?" आम्हाला सांगायच्या नाहीत, आम्ही कासावीस होऊ म्हणून. ठमी गेल्यापासून आईंनी अण्णांचं नाव घेतलेलं नव्हतं, ते आज घेतलं. मला वाटतं, त्यांना ठमी हवी आहेच, पण त्याहून त्या बोलण्याला कुणीतरी हवंय. आता ते आम्ही ऐकायचं.

संध्याकाळी मी म्हटलं, "आई, दहावा नाही तर नाही. रविवारी तिला ओळखणाऱ्यांना चहाला बोलवू या." हे म्हणाले, "लोक काय म्हणतील?" आई म्हणाल्या, "चहा छान झाला म्हणतील. पोहे पण कर."

रविवार

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भेटणाऱ्या निवृत्त शिक्षिका आल्या. इतक्या वर्षांत त्यांचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, आमचं त्यांना नव्हतं. आम्ही "ठमीवाले" आणि त्या "ब्रूनोच्या मॅडम". त्यांचा ब्रूनो गेला तेव्हा त्यांनी ट्रॅकवर यायचंच सोडलं होतं, कारण एकटं चालताना लोक "आज कुत्रा कुठे?" विचारायचे. परत यायला सुरुवात केली ती ठमी दुरून ओळखून धावत आली म्हणून. त्यांनी हे आईंचा हात धरून सांगितलं.

सी विंगमधली बारावीची मुलगी आली. ती जिन्यात ठमीला सूत्रं म्हणून दाखवायची. इस्त्रीवाले दादा आले, कपड्यांचं बोचकं दाराबाहेर ठेवून. वॉचमनकाका आत यायला तयार नव्हते, आईंनी हाताला धरून आणलं. ते म्हणाले, अण्णा हॉस्पिटलमध्ये होते त्या रात्री ठमी गेटपाशी बसून असायची. आम्ही उशिरा परतायचो तेव्हा ती घरात असायची, म्हणून आम्हाला पत्ता नाही. काकाच तिला रात्री वर आणून सोडायचे, आणि त्याआधी आपली भाकरी अर्धी-अर्धी करायचे. आई बघतच राहिल्या. "एवढे दिवस बोलला नाहीत?" "तुम्ही कुठे विचारलंत, आजी."

मग सगळ्यांना कंठ फुटला. पारले-जी ती चहात बुडवूनच खायची, असं इस्त्रीवाले दादा म्हणाले. कोरडंच खायची, मुलगी म्हणाली. वॉचमनकाकांच्या मते ती बिस्किट खायचीच नाही, लपवून ठेवायची आणि त्यांच्या खुर्चीखाली तीन-चार सापडायची. कुठला कान पडका होता, यावर तर दूधवाले भाऊ आणि यांच्यात चांगलीच जुंपली. भाऊ डावा म्हणत होते, हे उजवा. मॅडम म्हणाल्या, "पाऊस असला की दोन्ही." शेवटी लेकानं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर जुना फोटो दाखवला, पण त्यात ती अंग झटकत होती, दोन्ही कान हवेत. भाऊ अजून डाव्यावरच ठाम आहेत. आईंनी पोह्यांची दुसरी खेप टाकायला सांगितली.