तुम्ही विचारलंत म्हणून : घरच्या कॉम्प्युटरला मेल सर्व्हर कोणता?

कुणाला लिनक्स टाकून दिलं की आठवडाभरात फोन येतोच. “दादा, मेल सर्व्हर एक्झिम ठेवू की पोस्टफिक्स?” मेल सर्व्हर म्हणजे मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम; ही त्यातली दोन नावं.

डेबियन या लिनक्सचा डीफॉल्ट एक्झिम. १९९५ साली फिलिप हेझेल यांनी तो केंब्रिज विद्यापीठाच्या वापरासाठी लिहिला. पोस्टफिक्सही तसाच तगडा. पण गुहागरच्या पडवीतल्या एकट्या कॉम्प्युटरला विद्यापीठाचं टपालखातं कशाला? शिवाय घरच्या जोडणीवरून थेट पाठवलेला मेल पोचणं कठीणच. इंटरनेटवरचा आयपी पत्ता बदलता, पोर्ट २५ हे सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलचं दार बऱ्याचदा बंद, आणि समोरचा सर्व्हर असल्या पत्त्याला दारातूनच परत लावतो.

म्हणून मी सांगायचो, काहीच लावत बसू नका. ते चुकलं.

आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाची फाईल मृगात माझ्याच हातून पुसली गेली. म्हटलं, बॅकअप आहे. तर बॅकअप होळीपासून बंद! बाहेरची डिस्क भरलेली. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन हा प्रोग्रॅम बिचारा रोज रात्री मला मेल टाकत होता, याच मशीनवरच्या टपालपेटीत. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाईप करायची खिडकी, उघडलं की ‘यू हॅव न्यू मेल’ दिसायचं, मी पुढे जायचो. नव्वदेक मेल, सगळ्यांत एकच रड : डिस्कवर जागा नाही. अख्ख्या हंगामाचा हिशेब मग पावत्यांवरून परत लिहिला.

तेव्हा सर्व्हर नको, पण मशीनची तक्रार तुमच्या मोबाईलपर्यंत यायला हवी. एमएसएमटीपी हा मेल फक्त पुढे पाठवणारा छोटा प्रोग्रॅम सुटसुटीत आहे, पण तो स्वतः रांग ठेवत नाही. त्या क्षणी नेट नसेल तर मेल गेला. आपल्याकडे फांदी पडली की नेट जातं. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती.

मी डीएमए टाकतो, म्हणजे ड्रॅगनफ्लाय मेल एजंट. बाहेरून कुणाचा मेल घेत नाही, पोर्ट २५ वर कान लावून बसत नाही. आपला मेल तुमच्या नेहमीच्या मेलसेवेकडे देतो आणि नेट नसेल तर पाच दिवस प्रयत्न करत राहतो. सेटिंगमध्ये त्या सेवेच्या सर्व्हरचं नाव, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस (वाटेत मेल कुणी वाचू नये म्हणूनचं कुलूप) चालू. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड नको, ॲप पासवर्ड, म्हणजे एका प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड, काढा. आणि कुणाचा मेल कुठे धाडायचा ते सांगणाऱ्या एलियासेसच्या फाईलमध्ये रूटपुढे (मशीनचा मुख्य वापरकर्ता) स्वतःचा पत्ता लिहा. लोक नेमकं हेच विसरतात.

मी बायकोचाही पत्ता घातलाय. परवा तिनेच स्वयंपाकघरातून हाक मारली, “अहो, डिस्क भरली म्हणतोय. हा क्रॉन कोण?”