मास्तरांची गिटार

माझ्याकडे दुरुस्तीला गिटार घेऊन येतात ती कॉलेजची पोरं, चर्चमध्ये वाजवणारे, किंवा नोकरी लागल्यावर राहून गेलेली हौस पुरी करणारे. मास्तर यांतले कुणीच नव्हेत. परळचा माणूस, साठीला टेकलेला, उभा जन्म बेंजो पार्टीत लीड वाजवण्यात गेलेला. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर उभं राहून जे चाव्यांचं वाद्य वाजवतात, तो हा बेंजो, म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानमध्ये, नागोयाला १९१२च्या सुमाराला निघालेल्या ताइशोगोतोमध्ये. आपल्याकडे त्याला पिकअप लागला, अँप लागला आणि तो लालबाग-परळचाच होऊन गेला.

मास्तरांची अडचण साधी होती. चावी दाबली की स्वर ठोक्यासारखा येतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. लावणीची चाल वाजवताना ते तळहाताने तार दाबून कशीबशी मींड काढायचे. मग कुठेतरी मोबाइलवर त्यांनी ब्रिजला, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या पट्टीला, दांडी असलेली गिटार पाहिली. दांडी दाबली की सूर खाली वाहतो, सोडली की जागेवर येतो.

"तसली गिटार बघ मला. नवी नको, परवडत नाही. आणि घ्यायला तू बरोबर चल, मला त्यातलं कळत नाही."

सेकंडहँड ट्रेमोलो, म्हणजे अशी दांडीवाली, गिटार घ्यायला निघालेल्या माणसाला मी आधी थोडा घाबरवतो. त्यांनाही घाबरवलं. या यंत्रणेत ब्रिज पक्का बसवलेला नसतोच. १९५४ साली लिओ फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर जी रचना आली तीच थोड्याफार फरकाने आजही चालते. ब्रिजची पट्टी पुढच्या बाजूला सहा स्क्रूंवर बिजागरीसारखी डुलते. तिच्याखाली धातूचा एक ठोकळा बॉडीतून आरपार मागे जातो आणि त्याला मागच्या खाचेत स्प्रिंगा अडकवलेल्या असतात. स्प्रिंगांचं दुसरं टोक एका पंजात, तो पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. १० ते ४६चा (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) नेहमीचा संच नेहमीच्या सुरांत लावला तर सहा तारा मिळून साधारण ४६ किलोंचा ताण देतात. तेवढाच मागून मिळाला तर ब्रिज मधल्यामध्ये तरंगतो. एक तार उतरवा, बाकीच्या पाच चढतात.

"म्हणजे भांडणाचंच घर," मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी दादरहून लोकल पकडून वसईला गेलो. विकणारे अंकल पूर्वी लग्नांत बँडमध्ये गिटार वाजवायचे. आता बोटं आखडली होती. गिटार कोरियात बनलेली, स्ट्रॅटच्या घाटाची, पांढऱ्याची पिवळी पडलेली. पलंगाखालून केस ओढून काढली तेव्हा आतल्या मखमलीला पावसाळ्याचा कुबट वास होता. अंकलनी लगेच अँप जोडायला घेतला. मी म्हटलं, अंकल, आधी स्क्रू-ड्रायव्हर. मी गिटार पालथी करून मागचं प्लास्टिकचं झाकण उघडायला लागलो, तसे ते वैतागले.

"अरे, वाजवून तरी बघ! पोरगी बघायला आलास आणि पाठच काय बघतोस?"

आवाजाचं नंतर बघता येतं. पिकअप बदलता येतो, करकरणारा व्हॉल्यूमचा पॉट बदलता येतो, सैल जॅक तर पाच मिनिटांचं काम. मागच्या खाचेत पंज्याचे स्क्रू लाकडातून उपटत आले असतील तर मात्र जुनी भोकं बुजवून नवी पाडण्यापासून सुरुवात. इथे ते घट्ट होते. स्प्रिंगा तीन, वसईच्या खाऱ्या हवेने तपकिरी झालेल्या, पण स्प्रिंगा म्हणजे किरकोळ खर्च. पुढचे सहा स्क्रू जास्त महत्त्वाचे. कुणीतरी ते सगळे पिळून घट्ट बसवले असतील तर पट्टी डुलायच्या ऐवजी घासते आणि भोकांच्या कडा झिजतात. इथे बाहेरचे दोन नीट टेकलेले, मधले चार किंचित सैल, असंच हवं. मग खिशातला लोहचुंबक ठोकळ्याला लावला. चिकटला, म्हणजे पोलाद. स्वस्त गिटारींत तो बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. त्याला चुंबक चिकटत नाही आणि त्यातले आटे लवकर झिजतात. तसं झालं की दांडी कायमची लडबडते.

आणि दांडीच नव्हती. "मिळेल कुठेही," असं अंकल म्हणाले, पण तसं नसतं. अमेरिकी गिटारींचे आटे इंचाच्या मापाचे, आशियात बनलेल्या बहुतेकांचे मेट्रिक, त्यातही कुठे ५ मिमी तर कुठे ६ मिमी. चुकीची दांडी जोर लावून पिळली की आटे गेलेच. मी दांडीशिवाय घेणार नाही म्हटल्यावर आतून आंटींनी शिलाई मशीनचा खण उपसला आणि बॉबिनांच्या गर्दीतून ती बाहेर आली. टोकाची प्लास्टिकची टोपी गायब, पण आटे शाबूत. बसवली, फिरवली, नीट बसली.

नेक, म्हणजे गिटारची मान, मी नेहमी हेडस्टॉककडून, खुंट्यांच्या टोकाकडून, एका डोळ्याने बघतो. पीळ नव्हता, बाक थोडा जास्त होता. ट्रस रॉडची, म्हणजे हा बाक सुधारणाऱ्या नेकमधल्या सळईची, नटबोल्ट फिरते का ते पाव फेरा देऊन पाहिलं. जाम झालेला रॉड असलेली गिटार मी फुकटही घेऊ देत नाही. पहिल्या दोन-तीन फ्रेटांवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पडद्यांवर, बारीक तारांनी चऱ्या पाडल्या होत्या, घासून जातील इतक्याच. नंतर अँप लावून वाजवलीही, अंकलच्या समाधानासाठी. १४ हजार सांगितले होते, ११ हजारांत दिली, आणि निघताना मास्तरांना आपला जुना पट्टाही दिला. दोघांचं कुठल्यातरी लग्नातल्या जुन्या वाजवण्यावरून बोलणं निघालं ते संपेना. शेवटी मीच लोकलची वेळ काढली.

दुपारी वर्कशॉपवर आलो. मास्तर घरी जायला तयार नव्हते, स्टूल ओढून समोरच बसले. गिऱ्हाईक समोर बसलेलं मला आवडत नाही, पण त्यांना नाही कसं म्हणणार? साफसफाई, सॅडलचे, म्हणजे ब्रिजवर एकेक तार टेकते त्या तुकड्यांचे, गंजलेले स्क्रू तेल सोडून मोकळे करणं, फ्रेट घासून उजळणं यात दोन तास गेले.

मग प्रश्न आला सुरांचा. गिटारचे नेहमीचे सूर मास्तरांना नकोत. त्यांना सा पांढरी दोन, म्हणजे डी, हवा आणि खाली-वर तंबोऱ्यासारखे सा-प मोकळे वाजायला हवेत. जाड तारेकडून बारीककडे सा, प, सा, म, प, सा असं लावायचं ठरलं. गिटारवाल्यांना हे लावणं डी-ए-डी-जी-ए-डी म्हणून ठाऊक आहे. यात नेहमीच्या तुलनेत सहावी, दुसरी आणि पहिली या तारा एकेक पूर्ण स्वर उतरतात. सूर पूर्ण स्वराने उतरला की ताण साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो, आणि तार लोंबकळल्यासारखी लागते. तेवढा ताण भरून काढायचा तर तार आठव्या हिश्शाने जाड घ्यायची. म्हणून १०ची ११, १३ची १४ आणि ४६ची ५२ घातली. मधल्या तीन नेहमीच्याच.

मास्तरांची मागणी होती, दांडी दोन्ही बाजूंना चालली पाहिजे, खालीही आणि वरही. म्हणून पहिल्यांदा ब्रिज तरंगता लावला, मागची कड बॉडीपासून सुमारे ३ मिमी वर. तार लावायची, पंज्याचे स्क्रू फिरवायचे, परत तार लावायची, असं जुळेपर्यंत. मास्तर हातात घेऊन वाजवायला लागले. डाव्या हाताची बोटं अजून चाचपडत होती, पण पडद्यांचं गणित त्यांना चाव्यांमुळे पाठ होतं, एका तारेवर ते सरळ चाल वाजवत सुटले. मी खूश. ते नव्हते.

"हे खालचे सूर हलतात रे."

दांडी दाबली की ब्रिज अख्खा हलतो, त्यामुळे सहाही तारा खाली जातात, आणि त्याही सारख्या नाहीत. साधी, वेटोळं नसलेली तिसरी तार सगळ्यांत जास्त घसरते, पहिली कमी. सुरावटीच्या तारेवर मींड चालू असताना खालचा सा-प वेगवेगळ्या अंतराने लोळत होता. रॉक वाजवणाऱ्याला ते चालतं, त्याला तोच परिणाम हवा असतो. मास्तरांच्या कानाला तो तंबोरा बिघडल्यासारखा लागला. त्याहून वाईट पुढे होतं. त्यांनी दांडी सोडून बोटाने तार ओढून मींड घेतली. तरंगत्या ब्रिजवर एक तार ओढली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या उतरतात. म्हणजे दांडीला हात न लावताही सा खाली.

"आणि मिरवणुकीत तार तुटली तर?" त्यांनी विचारलं.

एक तार गेली की स्प्रिंगा जिंकणार, उरलेल्या पाच चढणार, गाणं तिथेच थांबणार.

"चालत्या ट्रॉलीवर मी कुठे थांबू?"

ब्रिज बॉडीवर टेकवायचं ठरलं. दोन नव्या स्प्रिंगा वाढवून पाच केल्या, पंजा आत पिळला, ब्रिजची मागची कड लाकडावर घट्ट बसवली. किती घट्ट, ते बघायला कडेखाली कागदाची पट्टी सरकवतो. तिसरी तार पूर्ण स्वर ओढली तरी पट्टी सुटून येता कामा नये. आता दांडी वर जात नाही, फक्त खाली. हाताला जडही लागते. पण एक गोष्ट अशी मिळते जी तरंगत्या ब्रिजवर नाही. दांडी आधीच दाबून ठेवायची, तार छेडायची आणि हळूहळू सोडायची. सूर खालून वर चढत येतो आणि ब्रिज लाकडावर टेकला की बरोबर तिथेच थांबतो, पुढे जाऊच शकत नाही. मास्तरांना ही युक्ती मी सांगितली नाही, त्यांनीच काढली. खालचा सा-प ते दांडी टेकल्यानंतरच छेडायला लागले. हाताने तार दाबून मींड काढणाऱ्या माणसाला सूर कुठे उतरवायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

माझं मन या निकालावर पूर्ण राजी नव्हतं. तरंगता ब्रिज नीट लागला की त्याची जी थरथर येते ती टेकवलेल्याला येत नाही, आणि मी दुपारभर ती जुळवली होती. पण वाजवणार ते.

ब्रिज खाली गेल्यामुळे तारा फ्रेटांच्या फार जवळ आल्या होत्या. सॅडल परत उचलले. नेहमी मी १७व्या फ्रेटवर १.६ मिमी ठेवतो, मास्तरांचा हात ठोकून वाजवणारा म्हणून २ मिमी ठेवले. बाराव्या फ्रेटवर सूर तपासून सॅडल मागेपुढे केले. जाड तारांचे सगळे थोडे मागे गेले. सात वाजत आले होते. चहा आला, आणि चहा पितापिता मास्तर एकच गोष्ट परत परत करत होते. दांडी खोल दाबायची, सोडायची, दुसरी तार छेडायची.

"पंचम चढतोय."

मी ट्यूनर लावला. दोन लगतच्या फ्रेटांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यांतले सहा-सात भाग चढा. मोकळ्या सा बरोबर वाजवला नसता तर मलाही पटकन कळला नसता. सूर चढा येणं हाच पुरावा असतो. दांडी दाबल्यावर तार सैल होते आणि नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचेतून थोडी खुंटीकडे सरकते. सोडल्यावर ती परत यायला हवी. खाच अरुंद असेल तर तिथेच अडकते, आणि ब्रिजकडचा भाग जास्त ताणलेला राहतो. तार ओढून सोडल्यावर सूर उतरला तरीही बहुधा दोषी तीच खाच. लोक मात्र खुंट्या बदलतात, हजारो रुपये घालून.

ही खाच मुळात आणखी बारीक संचातल्या ११च्या तारेसाठी पाडलेली, आणि आम्ही तिथे १४ची बसवली होती. ५२ तर खाचेत शिरतच नव्हती, म्हणून सहावीची खाच आधीच रुंद केली होती. बाकीच्यांना मी वाजवल्याशिवाय हात लावत नाही, कारण नटचं घासलेलं परत भरून येत नाही. १६ नंबरची बारीक कानस घेतली, तार बाजूला काढली, हेडस्टॉकच्या दिशेने किंचित उतार ठेवून पाच-सात हात मारले. खोली वाढू द्यायची नाही, फक्त बाजू मोकळ्या करायच्या. मग पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं. पहिल्या तारेलाही तेच केलं. खुंट्यांवरचे वेढे दोन-तीनच ठेवले, नव्या तारा हाताने ओढून ओढून बसवल्या.

मास्तरांनी पुन्हा दांडी दाबली, सोडली. पुन्हा. मग काहीच बोलले नाहीत, सरळ चाल वाजवायला लागले, तेव्हा मी कानस पुसून ठेवली.

गणपतीत त्यांनी ती ट्रॉलीवर नेली. एका संध्याकाळी पहिली तार तुटली, उरलेल्या पाचांवर त्यांनी गाणं पुरं केलं, एवढंच फोनवर सांगितलं आणि ११च्या सुट्या तारा मागवल्या. आता त्यांच्याच पार्टीतला कीबोर्डवाला गिटार बघतोय. त्याला मिळालीय ती नट आणि ब्रिज दोन्हीकडे तारा लॉक होणारी. तिचा ब्रिज दोन खांबांवर धारदार कडांनी तोललेला, तुटलेली तार बदलायला ॲलन की लागणारी. धार बोथट झाली असेल तर त्या गिटारीला सुरात आणणं माझ्याही हातात नाही. मी त्याला सांगितलंय, पैसे द्यायच्या आधी ब्रिजच्या खांबांजवळचा आणि मागचं झाकण उघडून आतला, असे दोन फोटो पाठव.