आजीने घेतलेला तास

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी शिक्षकांविषयी लिहावं अशी अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. मला घडवणाऱ्या सगळ्या गुरुजनांचा मी ऋणी आहे. पण त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ जण आहेत, म्हणून मी माझ्या आजीविषयी लिहितो. सहावीत आमचे कार्यानुभवाचे काही तास तिने घेतले होते. शाळेच्या कुठल्याही दप्तरात तिचं नाव सापडणार नाही. निदान इथे तरी त्या कामाची नोंद व्हावी असं मनापासून वाटतं.

झालं असं, की शिवणाच्या बाई लांबच्या रजेवर गेल्या. तेव्हा मुलींना शिवण आणि मुलांना बागकाम अशी सरळ वाटणी होती. मुख्याध्यापक वर्गावर आले आणि म्हणाले, "कुणाच्या घरी हातकाम करणारं माणूस आहे का?" माझा हात वर गेला. घरी हे कळल्यावर आईबाबा जरा धास्तावले, कारण आजी कधी शाळेतच गेली नव्हती. तिने मात्र हातातला दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "जाते की. फळ्यावर लिहायला तेवढं लावू नका म्हणावं."

अक्षरं तिला येत होती, पण ती तिने स्वतःच कमावली होती. हरिपाठ तिला लहानपणापासून तोंडपाठ होता. लग्नानंतर आजोबांनी छापील हरिपाठ आणून दिला. तोंडाने अभंग म्हणायचा आणि बोट शब्दांखालून सरकवायचं, असं करत करत ती वाचायला लागली. पुढे ज्ञानेश्वरीपर्यंत पोचली. 1290 सालचा तो ग्रंथ, 18 अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. तिने उतारवयात त्याची पारायणं केली. एखादं जोडाक्षर अडलं की मला हाक मारायची. मी वाचून दाखवलं की ती ओवी पुन्हा पहिल्या शब्दापासून म्हणायची, मधूनच धरायची नाही. शिवताना टाका चुकला तरी ती तेच करायची. मागे जाऊन उसवायची आणि पुन्हा घालायची.

तर आजी वर्गात आली. मुलं बागेत निघाली होती. तिने विचारलं, "हे कुठं चालले?" शिवण मुलींसाठी असतं, असं कुणीतरी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "नामदेव महाराज कोण होते? शिंपीच ना? बसा खाली सगळे." मुख्याध्यापक दारातच उभे होते. ते हसले आणि त्यांनी मुलांना मागे बोलावलं. नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, पंजाबातही त्यांना केवढा मान आहे, हे मला कितीतरी नंतर वाचून कळलं. आजीला ते ठाऊक होतं की नाही, सांगता येत नाही. सुईदोऱ्याचं काम करणाऱ्या घरात जन्मलेला माणूस विठ्ठलाचा एवढा लाडका झाला, ही गोष्ट मात्र तिला फार जवळची होती. तिच्या लेखी गोरोबांची माती, सावतोबांचा मळा आणि नामदेवांची सुई एकाच ठिकाणी पोचत होती.

पहिल्या तासाला तिने फक्त दोरा ओवायला शिकवलं. दोरा हातभरच घ्यायचा, जास्त लांब घेतला की गुंततो. टोक मेणावरून ओढायचं म्हणजे पिळा सुटत नाही. सुई अडायला लागली तर केसांतून एकदा फिरवायची, तेलाचा हात लागतो आणि ती सरसर चालते. अंगुस्तान मधल्या बोटात घालायचं आणि सुई त्याने मागून ढकलायची. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्या मागे जाऊन ती त्यांचा हात आपल्या हातात घ्यायची आणि चार टाके तसेच घालून द्यायची. तिच्या बोटांची कातडी टणक झाली होती, पण पकड हलकी असायची. माझ्या वर्गमित्रांना हे अजून आठवतं. परवा भेटलो तेव्हा एकाने आपणहून तोच विषय काढला.

मग गोधडी. तिने सगळ्यांना घरून एकेक जुना सुती कपडा आणायला सांगितला. नवा का नको, हे तिने नीट समजावलं. नवं सुती कापड धुतल्यावर आटतं, मग गोधडीला सुरकुत्या पडतात, एकीकडे ओढ बसते. जुनं कापड जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, शिवाय धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. सर्वांत मऊ कापड अंगाकडच्या बाजूला, विरलेलं मध्ये, धड असेल ते वर. थर सपाट अंथरून आधी मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचे, मग काठापासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी आत आत यायचं. टाके जवळजवळ घातले तर थर सरकत नाहीत आणि दोन ओळींमध्ये जी हवा अडकते तीच ऊब धरते. शेवटी गाठ मारायची नाही. उलटे दोन टाके घालून दोरा थरात लपवायचा, म्हणजे गाठ अंगाला टोचत नाही.

"निजणाऱ्याला काही टोचलं नाही पाहिजे," हे तिचं वाक्य मी तासाला आणि घरी अगणित वेळा ऐकलं आहे.

घरात आम्हा प्रत्येक नातवंडाचं पहिलं दुपटं तिच्या हातचं. क्रोशाही तिला उत्तम येत असे. साखळी, मुका खांब, खांब असे टाके मनातल्या मनात मोजत ती रुमालाची फुलं विणायची आणि त्याच वेळी जपही चालू असायचा. दोन्ही कसं जमतं, असं विचारलं तर तिला तो प्रश्नच कळत नसे.

एक प्रसंग मात्र इथे लिहिलाच पाहिजे. बाबा आणि काका यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा घरात महिनोन् महिने बोलणं बंद होतं. आजी कुणालाच काही बोलली नाही, कुणाची बाजू घेतली नाही. तिने आईकडून दोन लुगडी मागून घेतली, काकूकडून दोन साड्या, आणि आजोबांची धोतरं पेटीतून काढली. दुपारभर शिवत बसायची. दिवाळीच्या आधी दोन गोधड्या तयार झाल्या. दोन्हींत दोन्ही घरांचं कापड, मधला थर आजोबांच्या धोतराचा. एक आमच्याकडे दिली, एक काकांकडे. काकू ती घेऊन त्याच संध्याकाळी आमच्याकडे आली आणि आईजवळ बसून रडली. पुढे सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही, पण येणंजाणं सुरू झालं. एवढं काम समजूत काढणाऱ्या मोठ्या माणसांना जमलं नव्हतं.

तिच्या तोंडी जात्यावरच्या ओव्याही होत्या. घरातलं जातं बंद पडल्यावर ती त्या शिवताना म्हणू लागली. एका ओळीत विठ्ठल आणि पुढच्या ओळीत तिचा भाऊ, कधी लेक, कधी सासर. आमच्या वर्गातही ती त्या गुणगुणायची आणि मुली हळूच सूर धरायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी गावोगाव हिंडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. आजीच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत. मला तुकडे आठवतात, पूर्ण ओवी एकही येत नाही. माझी आतेबहीण काही म्हणते, तिच्याकडून त्या उतरवून घ्यायचं काम सध्या चालू आहे.

वर्गाची गोधडी पूर्ण झाली तेव्हा प्रत्येकाने आपापला कपडा बोटाने दाखवला. कुणाचा बाबांचा सदरा, कुणाची आईची साडी, एकीच्या गेलेल्या आजीचं पातळ. ती मुलगी आपला तुकडा अंगाकडच्या बाजूला लावायचा म्हणून अडून बसली होती, आणि आजीने तिच्यासाठी सगळे थर बदलून घेतले होते. ती गोधडी शाळेच्या आजारी मुलांच्या खोलीतल्या खाटेवर ठेवली गेली. शिवणाच्या बाई रजेवरून परतल्या तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि आजीला निरोप पाठवला, की मुलांचाही तास आता असाच चालू राहील. तो आमच्या दहावीपर्यंत तरी चालू होता.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारातही तिच्या उशाशी सुईची पेटी असायची. डोळ्यांनी साथ सोडली होती, तरी दोरा ओवून दिला की तिचे टाके सरळ पडत.

वर्ध्याच्या 1937 च्या परिषदेत गांधीजींनी शिक्षणाच्या मध्यभागी हस्तोद्योग ठेवायला सांगितलं होतं. हल्ली वेळापत्रकात जागा कमी पडली की पहिला बळी याच तासाचा जातो. आपल्या शाळेत तसं होऊ नये. महोत्सव समितीला माझी विनंती आहे, की सहावीच्या एका तुकडीला शनिवारचा एक तास द्यावा. शिकवायला मी येईन, माझी आतेबहीणही यायला तयार आहे. सुया, मेण आणि अंगुस्तानं आम्ही आणू. मुलामुलींनी घरून एकेक जुना सुती कपडा आणावा, आणि तो कुणाचा आहे हे विचारून यावं.