खालून वर वाचायचं: बाबांबरोबर कार्लाइलची ट्रिप

बाबा ह्या वेळी मिशिगनला आले तेव्हा मी आधीच ठरवलेलं की नायगारा वगैरे काही नको, ते गेल्या वेळी झालंय, ह्या वेळी त्यांना कार्लाइलला न्यायचं. कार्लाइल हे पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव, तिथल्या फेअरग्राउंडवर दर जुलैत तीन दिवस फक्त क्रायस्लरच्या गाड्यांचा मेळा भरतो, म्हणजे प्लिमथ, डॉज, क्रायस्लर, जुन्या नव्या सगळ्या. बाबांनी पिंपरीत ट्रकच्या कारखान्यात पेंट शॉपला ३१ वर्षं काढली आहेत. आमच्या सोसायटीत कोणी नवीन गाडी आणली की बाकीचे मायलेज विचारायचे आणि बाबा वाकून दरवाजाच्या कडेचा रंग बघत बसायचे, त्यामुळे हा माणूस तिथं रमणार ह्याची मला खात्रीच होती.

आमच्या घरापासून, म्हणजे मिशिगनमधल्या ट्रॉयपासून, अंतर ५०० मैलांच्या आसपास, म्हणजे आठशे किलोमीटर धरा. पहाटे निघालो, सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मास भरून चहा. ओहायो म्हणजे सरळ सपाट रस्ता आणि दोन्ही बाजूला मका, तिथं सांगण्यासारखं काही नाही. मजा सुरू होते पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर, म्हणजे तिथल्या टोलच्या हमरस्त्यावर. ह्या रस्त्याचा पहिला भाग, अर्विन ते कार्लाइल, १ ऑक्टोबर १९४० ला सुरू झाला, आणि तो बांधला एका अर्धवट सोडलेल्या रेल्वेच्या मार्गावरून, १८८० च्या दशकात डोंगरात बोगदे खणायला घेतले होते आणि मग काम बंद पडलं, त्यातले बरेचसे बोगदे पुढे रस्त्याला वापरले. आज कार्लाइलकडे जाताना चार बोगदे लागतात, अ‍ॅलेघेनी, टस्करोरा, किटाटिनी आणि ब्लू माउंटन, त्यातले शेवटचे दोन इतके जवळ की एकातून बाहेर पडून उजेड बघतो ना बघतो तोच दुसऱ्यात शिरतो. बाबा म्हणाले, "अगं हे तर आपल्या एक्स्प्रेसवेसारखं, मडप आणि भाताण." मग त्यांनी बोर घाटातल्या जुन्या ट्रकच्या गोष्टी काढल्या त्या एक्झिट येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत शिरलो तर रांगाच्या रांगा, सगळ्यांची बॉनेट उघडी, मालक शेजारी खुर्च्या टाकून बसलेले. मी फोटो काढत पुढे गेले आणि मागे वळून बघते तर बाबा नाहीत. ते एका जांभळ्या गाडीपाशी थांबले होते, १९७० ची प्लिमथ कुडा, आणि हात मागे बांधून इंजिनशेजारच्या पत्र्याकडे बघत होते. इंजिनाकडे नाही हं, पत्र्याकडे. आतल्या फेंडरवर, म्हणजे मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, ड्रायव्हरच्या बाजूला, स्क्रूनं लावलेली एक छोटीशी पत्र्याची पट्टी होती आणि तिच्यावर ठोकलेली अक्षरं आणि आकडे, पाच सहा ओळी.

मालक पंचाहत्तरीचे असतील, बाबांचं लक्ष कुठं आहे ते बघून लगेच उठले. म्हणाले (मी मराठीत सांगत होते बाबांना), हा फेंडर टॅग, आणि तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालची ओळ पहिली, ती डावीकडून उजवीकडे, मग तिच्या वरची, असं चढत जायचं.

तर खालच्या ओळीत पहिलं होतं ई८७, म्हणजे ४४० क्यूबिक इंचाचं इंजिन आणि त्यावर तीन कार्ब्युरेटर, प्रत्येकाला दोन तोंडं, म्हणून प्लिमथवाले त्याला सिक्स बॅरल म्हणतात आणि डॉजवाले सिक्स पॅक, ३९० हॉर्सपॉवर. मग डी३२, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. डी२१ असतं तर चार गिअरची मॅन्युअल. मग गाडीचा नंबर, म्हणजे पाटीवरचा नाही, कारखान्यात दिलेला, बीएस२३व्ही०बी आणि त्यापुढे अनुक्रमांक. बी म्हणजे बाराकुडा (कुडा हे तिचंच जास्त ताकदीचं रूप), एस म्हणजे किमतीतला वर्ग, २३ म्हणजे दोन दाराची हार्डटॉप, व्ही म्हणजे परत तेच सिक्स बॅरल इंजिन, शून्य म्हणजे १९७०, आणि शेवटचा बी म्हणजे हॅमट्रॅमिक, जिथं ती बनली तो कारखाना. हॅमट्रॅमिक ऐकल्यावर मी दचकलेच, कारण ते आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि मी तिथून कितीतरी वेळा गेली आहे.

त्याच्या वरच्या ओळीत बाबांचं खातं आलं. एफसी७. हा तो जांभळा. प्लिमथ त्याला इन व्हायोलेट म्हणायची आणि डॉज प्लम क्रेझी, रंग एकच, कोड एकच. ईव्ही२ असला तर झणझणीत नारिंगी, एफजे५ असला तर पोपटीपेक्षा उजळ हिरवा. रंगाच्या पुढं एच६एक्स९, म्हणजे आतल्या सीटा, काळ्या विनाइलच्या, बकेट सीट. आणि मग सी१२. इथं महिने १ ते ९ आकड्यांत असतात आणि ऑक्टोबर ए, नोव्हेंबर बी, डिसेंबर सी, म्हणजे ही गाडी १२ डिसेंबरला बनवायची ठरली होती, आणि १९७० च्या मॉडेलला डिसेंबर म्हणजे डिसेंबर १९६९. त्याच्याही वरच्या ओळींत मग ऑप्शन, ए बी सी च्या क्रमानं, सी१६ म्हणजे मधला कन्सोल, एन९६ म्हणजे बॉनेटच्या भोकातून वर आलेला आणि इंजिनाबरोबर हलणारा शेकर, म्हणजे हवा आत घेणारं तोंड, आर११ म्हणजे साधा एएम रेडिओ, २६ म्हणजे २६ इंची रेडिएटर. संपलं की शेवटी एंड.

बाबांनी एकच प्रश्न विचारला, टॅग रंगाच्या आधी लावला की नंतर? मी विचारलं. मालक हसले आणि बाबांचा हात धरून त्यांना अजून जवळ नेलं. टॅगवर गाडीचाच जांभळा होता, अक्षरांच्या खाचांत जाडसर साचलेला. म्हणजे बॉडी नुसता कोरा पत्रा होती तेव्हाच ही पट्टी तिच्यावर बसली आणि तिच्याबरोबर रंगून निघाली. बाबा म्हणाले, "बरोबर. रंग मारणाऱ्याला आधी कळायला नको का, कुठला मारायचा?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. मी पण गाड्यांच्याच कंपनीत काम करते, ऑप्शन कोड रोज स्क्रीनवर बघते, तरी मला हे टॅग म्हणजे आजवर कलेक्टर लोकांचं सर्टिफिकेट वाटायचं, खरी खोटी ओळखायला, किंमत ठरवायला. पण ते गिऱ्हाइकासाठी लिहिलेलंच नव्हतं. एका कामगारानं पुढच्या कामगाराला दिलेला निरोप आहे तो, की बाबा रे, हिला जांभळा मार, हिच्या बॉनेटला भोक पाड, हिच्यात मोठा रेडिएटर बसव. पन्नास वर्षांनी तोच निरोप वाचून लोक लाखो डॉलर देतात ही पुढची गोष्ट.

आणि पत्र्यावर सगळं मावत नाही, म्हणून लाइनवर एक कागदपण फिरायचा, त्याला ब्रॉडकास्ट शीट म्हणतात. काम झालं की तो कागद कुणी सीटच्या स्प्रिंगमध्ये खोचायचा, कुणी कार्पेटखाली टाकायचा, कुणी ग्लोव्ह बॉक्सच्या वर. ह्या मालकांना त्यांचा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत मिळाला, कडा उंदरांनी खाल्लेल्या, मधला भाग शाबूत. तो त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय आणि आम्हाला दाखवला, पिवळट, घडीवर फाटलेला, चौकोनाचौकोनांत कोड. बाबांनी तो हातात घेताना आधी हात पँटला पुसले.

खोटेपणा चालतो, भरपूर चालतो, आणि त्याचं कारणही सरळ आहे. १९७० मध्ये ४२६ हेमी ह्या क्रायस्लरच्या सगळ्यात दांडग्या इंजिनाच्या कुडा हार्डटॉप बनल्या ६५२ आणि उघड्या टपाच्या फक्त १४. साधी बाराकुडा आणून तिच्यात हेमी बसवणं अवघड नाही, आणि नवा टॅग ठोकून देणारे पण आहेत. म्हणून जाणकार माणूस टॅग एकटा वाचतच नाही. टॅगवरचा ई कोड आणि नंबरातलं पाचवं अक्षर जुळतं का (हेमीला ई७४ आणि आर), तोच नंबर डॅशबोर्डवर आहे का, तिथली पट्टी फुलाच्या पाकळ्यांसारख्या रिव्हेटनी बसवलीय का, इंजिन ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवर नंबराचा शेवटचा भाग ठोकलाय का, एवढं सगळं एकमेकांशी बोललं पाहिजे. मालक सांगत होते आणि मी सांगता सांगता दमत होते, पण बाबांना एक शब्द सुटलेला चालत नव्हता.

दुसऱ्या कंपन्यांचं वेगळं. शेव्हरोलेच्या १९६९ च्या कमॅरोचा नंबर बघून ती झेड२८, म्हणजे कमॅरोचं खास वेगवान रूप, आहे की साधी व्ही८ ते कळतच नाही, इंजिनाचं अक्षर त्यांच्या नंबरात १९७२ पासून आलं. तिथं फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावरची, पट्टी असते, तिच्यावर रंग, सीट आणि ०४ए असं, म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा, पण इंजिन बहुतेक वेळा नाहीच, नॉरवूडच्या कारखान्यातल्या गाड्यांवर एक्स३३ किंवा एक्स७७ दिसलं तर झेड२८. फोर्डवाले सुखी, १९६७ पासूनचा डेटा मार्टी ऑटो वर्क्स ह्या खासगी कंपनीकडे आहे, पैसे भरले की रिपोर्ट येतो. मला विचाराल तर क्रायस्लरचा टॅग सगळ्यात मनमोकळा आहे, विचारायच्या आधी सांगतो.

दुपारी जुन्या पार्टच्या बाजारात फिरलो, अगदी आपला मंगळवार पेठेतला जुना बाजार, ताडपत्रीवर मांडलेले कार्ब्युरेटर, आरसे, हबकॅप. बाबांनी काहीच घेतलं नाही. संध्याकाळी मोटेलवर बघते तर त्यांनी त्यांच्या खिशातल्या वहीत तो अख्खा टॅग उतरवून घेतला होता, आणि ओळी खालून वरच लिहिल्या होत्या, पानाच्या तळापासून.

परत आल्यावर सोमवारी मी सुट्टी टाकली आणि सकाळी त्यांना हॅमट्रॅमिकला घेऊन गेले. जवळजवळ सगळ्या बाजूंनी डेट्रॉइट आणि मध्ये हे चिमुकलं शहर. एकेकाळी बहुतांश पोलिश, आता बांगलादेशी आणि येमेनी लोकांचं, त्यामुळे बाबांना कोनंट स्ट्रीटवर बांगला पाट्या बघून फार बरं वाटलं, मिठाईच्या दुकानात चहा पण घेतला. मग जोसेफ कॅम्पो रस्त्यानं खाली खाली दक्षिण टोकाला. ती जांभळी कुडा जिथं बनली तो कारखाना, डॉज मेन, इथं होता, डॉज बंधूंनी १९१० मध्ये बांधायला घेतलेला, आठ मजली, गाड्यांच्या बॉड्या मजल्यांवरून खालीवर फिरायच्या. जानेवारी १९८० ला बंद झाला, १९८१ ला पाडला. त्या जागेवर आता जनरल मोटर्सचा इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना आहे, कुंपण, गवत आणि लांबवर पांढऱ्या भिंती.

बाबा कुंपणापाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "पेंट शॉप कितव्या मजल्यावर असेल गं?" मला माहीत नव्हतं.

भारतात संध्याकाळचे साडेसात झाले होते. त्यांनी चिंचवडला त्यांच्या पेंट शॉपच्या जुन्या मित्राला फोन लावला, वही उघडली आणि तिथंच रस्त्यावर उभं राहून मोठ्यानं वाचायला लागले, तळातल्या ओळीपासून, ई८७, डी३२, आणि एफसी७ वर आले तेव्हा थांबून जांभळा कसा होता ते सांगत बसले. काकांचा आवाज स्पीकरवर नव्हता तरी मला ऐकू आला, "कोट किती दिले असतील रे?"

"ते नाही लिहिलेलं," बाबा म्हणाले, "पण खाचेत जाड बसलाय. दोन तरी असणारच."