कोथळीगडला गेलात तर पेठमध्ये थांबा

पाऊस सुरू झाला की पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये दादर, ठाण्यापासूनच सॅकवाल्यांची गर्दी, आणि त्यातले बरेच जण कोथळीगडला निघालेले. कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवली, एसटी नाहीतर टमटम, तिथून चालत वर पेठ गाव. पण गावात कोणी थांबतच नाही, सगळे सरळ गडाच्या सुळक्याकडे सुटतात, फोटो काढतात आणि संध्याकाळची लोकल गाठायला धावत खाली. मला हे खरंच पटत नाही.

सुळका भारी आहेच, त्यात वादच नाही. कातळाच्या पोटातून कोरत नेलेला जिना, आतल्या आत चढत जायचं आणि एकदम माथ्यावर निघायचं, वारा असा की टोपी धरून उभं राहावं लागतं. खाली मोठी गुहा, खांबांवरचं कोरीवकाम अजून नीट दिसतं. १६८४ मध्ये हा गड मुघलांनी घेतला, तो परत मिळवायच्या लढाईत मराठ्यांकडून लढणारे नारोजी त्रिंबक पडले.

पण गडाच्या अंगाखांद्यावर आज राहतंय कोण? पेठचीच माणसं ना. पावसात भात लावायचा, उतारावर नाचणी, आणि एवढा धो धो पाऊस पडूनही सह्याद्रीतल्या अशा उंचावरच्या गावांत पाणी टिकत नाही, कातळावरून सगळं खाली वाहून जातं, मग मे महिन्यात बायकांच्या डोक्यावर हंडे. आपण तिथे जाऊन बिसलेरीच्या बाटल्या टाकून येतो, लाज वाटते बघून.

म्हणून म्हणते, जेवा तिथे. तांदळाच्या पिठाची उकड काढून मावशी परातीत मळत बसतात, भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, मग चुलीच्या निखाऱ्यापुढे ती टम्म फुगते, सोबत पिठलं, ठेचा, कांदा. पैसे मागतील तेवढे द्या, घासाघीस नको प्लीज.

आणि सुळक्याकडे जाताना आधीच सांगून जा, किती जण ते नक्की सांगा. तेवढंच पीठ काढलं जातं. ग्रुपचं जेवण सांगून मग उशीर झाला म्हणून परस्पर खाली उतरणारे पण असतात, त्या घरातल्या भाकऱ्या तशाच राहतात. उशीर झालाच तर दोन मिनिटं थांबून पैसे तरी देऊन जा.